बाटल्यांच्या घरातला पेला

मित्रांनो, मी एक जुना पेला आहे. जुना म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. मुठीएवढा माझा जीव, अंग स्टीलचे, त्यावर तीन पोचे आणि ओरखडे तर किती याला गणतीच नाही. पण मी जे काम केले, ते आमच्या कपाटातल्या एकाही मोठ्या भांड्याला जमलेले नाही. ही फुशारकी वाटेल तुम्हाला. वाटू द्या.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यात झाला. पत्र्याची एक गोल चकती साच्यावर ठेवली, वरून यंत्राने दणका दिला आणि मी पेला झालो. काठ वळवणाऱ्या कारागिराचे लक्ष त्या दिवशी कुठे होते कोण जाणे, माझा काठ जरा जास्तच जाड वळला गेला. पॉलिश करणाऱ्या बाईंनी मला उजेडात फिरवून पाहिले. "ह्याचा ओठ सुजलाय बघा," असे हसत म्हणून त्यांनी मला सुट्या मालाच्या खोक्यात टाकले. पाच भावंडांबरोबर चकचकीत डब्यात बसून कुणाच्या तरी घरी जायचे, हे माझे स्वप्न तिथेच मोडले. मी फार खट्टू झालो.

दुकानात बरेच महिने धूळ खात पडलो होतो. एके दिवशी गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एक बाई घाईघाईने आत आल्या. त्या शाळेत खेळ शिकवत.

"सगळ्यात लहान पेला दाखवा. दीड वर्षाच्या पोरीच्या हातात मावला पाहिजे," त्या म्हणाल्या. भांडेवाल्याने मला पुढे केले. बाईंनी माझ्या काठावरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "ही कड तिच्या ओठाला कापायची नाही. द्या हाच."

असा मी बुटकीच्या घरी आलो. तिचे खरे नाव वेगळे होते, पण घरात सगळे तिला बुटकीच म्हणत. ती बदकासारखी डुलत चाले आणि चालताना, खेळताना, झोपताना तिच्या तोंडात दुधाची बाटली असे. तिचे बाबा बस चालवत. त्यांची बस सकाळची, आईची शाळा दुपारची. एकजण दारातून आत आला की दुसरा बाहेर पडे. दोघे निवांत भेटत ते संध्याकाळीच.

त्या संध्याकाळी मला ओट्यावर ठेवून आई बाबांना म्हणाल्या, "दातांच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ऐक. पुढच्या चार दातांवर पांढरे डाग आलेत. बाटली तोंडात ठेवून झोपते ना, त्यानं. दोन महिन्यांत बाटली सुटली तर डाग तिथंच थांबतील. नाहीतर दात किडणार आणि काढावे लागणार. एवढ्याशा पोरीचे!"

"मग सोडवू की. त्यात काय एवढं?" बाबा म्हणाले.

हे 'त्यात काय एवढं' प्रकरण दीड महिना चालले.

पहिल्या दिवशी आईंनी मला दुधाने भरून बुटकीसमोर धरले. तिने मला एक फटका मारला आणि मी थेट मोरीपर्यंत घरंगळत गेलो. माझा पहिला पोचा तो. मग आईंनी आपल्या मैदानावरची युक्ती काढली. "एक, दोन, घोट!" म्हणायचे आणि शिट्टी फुंकायची. शिट्टी झाली की बाबा तोंडाने बसचा भोंगा वाजवत. बुटकी खदाखदा हसे, टाळ्या पिटे आणि पुन्हा बाटलीकडे बोट दाखवी. एकदा बाटली माळ्यावर लपवून ठेवली, तर पोरीने दिवसभर आकांत केला आणि एक घासही खाल्ला नाही. संध्याकाळी बाबांचा धीर सुटला.

"बघवत नाही गं मला," असे म्हणत त्यांनी बाटली काढून दिली.

"तूच लाडावून ठेवलंयस तिला!" आई कडाडल्या. दोन दिवस दोघांत अबोला होता.

मित्रांनो, मला बोलता आले असते तर मी तेव्हाच ओरडून सांगितले असते. कारण ओट्यावर बसून मला सगळे दिसत होते. आई मैदानावरून आल्या की पिशवीतली नळीची बाटली काढून घटाघटा पाणी पीत. बाबांची बाटली बसमध्ये त्यांच्या सीटशेजारी हुकाला लटके, घरी आली की त्यांच्या हातात असे. आईंची कॉफीसुद्धा झाकणाच्या फ्लास्कमध्ये. काचेचे ग्लास होते, पण पाहुण्यांसाठी, अगदी वरच्या फळीवर. आणि पाहुण्यांना त्या घरी कुणी सापडेल तर ना! पेल्याने पाणी पिणारा माणूस बुटकीने घरात कधी पाहिलाच नव्हता. तिच्या हिशेबी मोठे होणे म्हणजे मोठी बाटली मिळणे.

डॉक्टरीणबाईंकडे जायला बारा दिवस उरले होते. त्या दुपारी आई शाळेला गेल्यावर बाबा स्वयंपाकघरात आले. त्यांची बाटली बसमध्येच राहिली होती आणि बस दुसरा ड्रायव्हर घेऊन गेला होता. तहानेने जीव कासावीस झालेला. मी समोरच पालथा होतो. त्यांनी मला उचलले, पाणी भरले, प्यायले. माझ्यात मावणार ते कितीसे! पुन्हा भरले, पुन्हा प्यायले. असे सहा-सात वेळा झाले. दारात बुटकी उभी होती. ती टक लावून बघत होती. बघता बघता तिच्या तोंडातली बाटली हनुवटीवर घसरली. ती डुलत आली आणि तिने बाबांची पँट ओढली.

"मना!"

"काय मना? हा? हा पेला पाहिजे तुला?"

बुटकीने जोरजोरात मान हलवली. बाबांनी माझ्यात बोटभर पाणी ओतले. तिने दोन्ही हातांनी मला धरले आणि माझ्या जाड काठाला तिचे ओठ लागले. अर्धे पाणी पोटात, अर्धे फ्रॉकवर. तिला जरा ठसका लागला. मग तिने मला वर केले आणि म्हणाली, "आनी!" म्हणजे आणखी.

बाबांनी तिथूनच आईंना फोन लावला. "ऐक, ती शिट्टी आता मैदानावरच राहू दे. चूक आपली आहे."

"कसली चूक?"

"अगं, आपल्या घरात पेल्यानं पितं कोण?"

मग आई म्हणाल्या, "अरे देवा! खरंच की रे!"

त्या दिवसापासून मोठ्यांच्या बाटल्या दाराशी चपलांजवळ थांबू लागल्या. पाहुण्यांचे ग्लास खाली आले. संध्याकाळी तिघे जमिनीवर बसत, तिघांच्या हातात पेले. शिट्टी नाही, भोंगा नाही. दूध सांडे, आई फडक्याने पुसत आणि आपला ग्लास पुन्हा तोंडाला लावत. दिवसाच्या बाटल्या चार दिवसांत सुटल्या. झोपतानाची मात्र हट्टी निघाली. दोन दिवस बुटकी रडली आणि बाबा तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत राहिले, पण या वेळी डगमगले नाहीत. तिसऱ्या दिवशी ती माझ्यातून दूध प्यायली, बाबांनी तिला चूळ भरायला लावली आणि ती मला छातीशी धरून झोपली. तेव्हाचा माझा अभिमान काय वर्णावा!

डॉक्टरीणबाईंकडे मी आईंच्या पिशवीतून गेलो होतो. "डाग वाढले नाहीत," असे त्या म्हणाल्या, तेव्हा आईंनी डोळ्यांना पदर नव्हे, शाळेचा घाम पुसायचा रुमाल लावला.

"कशी सोडवलीत हो बाटली?"

"आधी आम्ही आमच्या सोडल्या," आई म्हणाल्या.

पुढे बुटकी वाढली, तिला मोठा ग्लास आला. मी काही दिवस साबणाची पूड मोजली, काही दिवस रंगाचे ब्रश बुडवून घेतले, आणि शेवटी खणात जुन्या सेलांशेजारी जाऊन पडलो. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? मित्रांनो, लहान भांड्याचे काम संपले म्हणून त्याला विसरू नका. आणि घरातल्या धाकट्याला काही शिकवायचे असेल, तर हाताला धरून ओढण्याआधी त्याच्यासमोर बसून तुम्ही ते करा.

परवा खण धाडकन उघडला. आता सहा वर्षांची झालेली बुटकी एका हाताने तोंड झाकून दुसऱ्या हाताने काहीतरी लहानसे शोधत होती. तिने मला ओढून काढले, माझ्यात काहीतरी टाकले आणि धावत आईकडे नेले. वरचा, समोरचा दात होता तो. त्यावर पांढरा डाग अजून पुसटसा दिसत होता.

आई मला हातात घेऊन बघतच राहिल्या. त्यांनी पुन्हा रुमाल डोळ्यांना लावला.

"आई, रडतेस काय?" बुटकी फटीतून हसत म्हणाली. "कुणी काढला नाही गं. आपणहून पडला!"