चाकं तात्यांची, इंजिन आण्णांचं

आमच्या घरात राजदूत होती आणि नव्हती. म्हणजे झालं असं, की आजोबा वारल्यावर माझे वडील आण्णा आणि धाकटे चुलते तात्या यांच्यात वाटण्या झाल्या. जमीन निम्मी निम्मी झाली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, म्हशीसुद्धा मुकाट्याने आपापल्या गोठ्यात गेल्या. राहिली आजोबांची मोटरसायकल. ती दोघांनाही हवी होती आणि माघार कोणालाच घ्यायची नव्हती. पंचांना जेवायची घाई झालेली. त्यांच्यातलं कोणीतरी वैतागून म्हणालं, "मग खोला आन् घ्या वाटून!" आमच्या घराण्यात चेष्टा कोणाला कळत नाही. त्याच दुपारी पाने-पकड आणून गाडी खोलली. सांगाडा आणि इंजिन आण्णांना, चाकं, टाकी आणि सीट तात्यांना.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आण्णांचा सांगाडा आमच्या गोठ्यात विटांवर उभा राहिला. तात्यांनी चाकं आढ्याला टांगली आणि सीट ओट्यावर मांडली. रोज संध्याकाळी ते त्या सीटवर बसून चहा प्यायचे, तेही मुद्दाम आमच्या दाराकडे तोंड करून. दसऱ्याला तर कहर व्हायचा. इकडे आण्णा बिनचाकाच्या गाडीला झेंडूचा हार घालून नारळ फोडायचे, तिकडे त्याच वेळी तात्या नुसत्या चाकांना हळदकुंकू वाहायचे. मी दोन्हीकडचा प्रसाद खाऊन मोठी झाले.

मी क्रांती. कवठे महांकाळला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. तिथे सकाळी येणारी माणसं रात्रीपासून उपाशी असतात. उशीर झाला की ती मला खाऊ की गिळू करतात. आमच्या गावाची पहिली एसटी मनाला येईल तेव्हा यायची. शेवटी लॅबच्या मॅडमनी बजावलं, "आणखी एकदा उशीर झाला तर मी दुसरी मुलगी बघेन." नोकरी गेली तर पुढे काय, हे घरात ठरलेलंच होतं. म्हसवडचं एक स्थळ आलं होतं. मुलाने फोटोतही गॉगल काढला नव्हता.

मी आण्णांना म्हटलं, "मला एक जुनी स्कूटी तरी घेऊन द्या."

"घरात गाडी असताना दुसरी कशाला?"

"आण्णा, निम्मी हाय ती!"

"निम्मी तर निम्मी. मालकीची हाय."

माझं डोकंच फिरलं. तशीच तणतणत तात्यांच्या ओट्यावर गेले आणि चाकं मागितली. तात्यांनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या. "तुज्या बापानं मागितली असती तर दिली नसती. तू मागतीयास, ने. टाकीबी ने. पर चाकं माजीच. वापरायला दिल्यात, एवढं ध्यानात ठेव."

"आणि सीट?"

"सीट दिऊन मी बसू कशावर?"

द्राक्षं पोचवून रिकामा चाललेला एक टेम्पो थांबवून सगळा संसार मी सिद्धूच्या गॅरेजवर नेला. सिद्धू बोलायला एक नंबर. "इंजिन म्हंजे हत्ती हाय गं! आजून दोन पिढ्या पळंल," असं म्हणून त्याने सायलेन्सरमध्ये तार घातली, तर आतून कोंबडीची पिसं निघाली. टायर जुनेच बघितले. क्लचची तार दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची कापून बसवली. टाकीतला गंज काढायला नवं काही परवडणारं नव्हतं, म्हणून ती घरी आणून तिच्यात खडी आणि डिझेल भरलं आणि मी नि आईने ताक घुसळावं तशी हलवली. तात्या त्यांच्या ओट्यावरून ओरडत होते, "हळू! पोचा पडंल माज्या टाकीला!" पासिंगच्या कागदावर दोघांच्या सह्या लागल्या, त्या दोघांनी दोन वेगळ्या दिवशी केल्या. सीटच्या जागी आईने वाकळेची घडी दाव्याने करकचून बांधली.

गाडी झाली, पण किक रिकामीच जायची. "आतली दातरी झिजलीया," सिद्धू म्हणाला. "सांगलीच्या जुन्या बाजारात बघतो. तवर धक्का मारून चालू करायची, काय न्हाई हुत."

पहिल्या दिवशी उजाडताच मी वाकळेवर बसले आणि आण्णांनी मागून धक्का दिला. गाडी नुसती फुसफुसली. मारुतीच्या देवळापर्यंत येईतो आण्णांना धाप लागली. तिकडे ओट्यावर तात्या चुळबुळ करत होते. शेवटी ते उठून आले आणि आण्णांकडे न बघता म्हणाले, "मागलं चाक माजं हाय. आसं फरफटून नासंल. मी माज्या चाकापुरतं ढकलतो."

"ज्याचं त्यानं ढकलावं," आण्णा देवळाच्या कळसाला म्हणाले.

दोघांनी जोर लावला. गाडी फाट्दिशी सुरू झाली आणि धुरात दोघेही खोकत उभे राहिले. मी वेळेवर पोचले. त्या दिवशी उपाशी माणसंही मला गोड वाटली.

मग ते रोजचंच झालं. परतताना लॅबसमोरचा उतार कामी यायचा, पण सकाळी या दोघांशिवाय भागायचं नाही. आण्णा डावीकडून, तात्या उजवीकडून. बोलणं माझ्यामार्फत. "क्रांते, त्यास्नी सांग, एकदम जोर लावा म्हनावं." "क्रांते, सांग त्यास्नी, आमी लावतोयच!" दोघांच्या मधल्या वाकळेवर बसून मी निरोप पोचवायचे आणि मनात दोघांनाही शिव्या घालायचे.

एक दिवस तात्या आलेच नाहीत. काकू दारातून म्हणाली, रात्रीपासून ताप आहे. आण्णांनी एकट्याने ढकलून बघितलं. गाडी ढिम्म. पुन्हा ढकललं, मग कंबर धरून खालीच बसले. गल्लीत दुसरं कोणी नव्हतं. मला मॅडमचा आवाज ऐकू यायला लागला आणि डोळ्यांसमोर तो गॉगल आला.

"आण्णा, आज माजी नोकरी जानार," मी म्हटलं. मला खरंच रडू फुटलं.

आण्णा उठले. तात्यांच्या दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत दाराकडे. मग तरातरा गेले आणि ओट्यापाशी उभं राहून घसा फाडून ओरडले, "आरं ऊठ की! पोरगी खोळंबलीया!"

आतून आवाज आला, "आलो दादा."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मला तर रागच आला, की एवढंसंच होतं तर मेल्यांनो इतकी वर्षं काय केलंत. तात्या घोंगडं पांघरून बाहेर आले. ओट्यावरची सीट त्यांच्या काखेत होती. "पोरगी वाकळंवर बसून जातीया, बरं दिसतं व्हय?" असं आण्णांवरच खेकसून त्यांनी दावं सोडलं. त्या तापात त्यांनी धक्का दिला. मी वेळेत पोचले, अगदी काठावर.

तात्यांचा ताप उतरला. दोघे आता गाडी सुरू झाली की देवळाच्या पायरीवर बसून उसावर, पावसावर आणि एकमेकांच्या जोर लावण्यावर भांडतात. तोंडाने, समोरासमोर. सीट गेल्यामुळे तात्या चहाला आमच्याकडे येतात.

किकचं मात्र काही होत नव्हतं. परवा मी गॅरेजवर गेले आणि सिद्धूला फैलावर घेतलं. "सांगलीत न्हाई, मिरजेत न्हाई, मग काय इंग्लंडातनं यायचीय का रं तुजी दातरी?"

सिद्धू इकडेतिकडे बघायला लागला. मग त्याने कोपऱ्यातल्या खोक्यातून तेलकट कागदाची पुडी काढली. "ही बग. कवाच आलीया."

"मग बसवली का न्हाईस?"

"तुजं आण्णा आलं हुतं. म्हनलं, बसवू न्हको, आन् धाकट्याला सांगू न्हको." त्याने डोकं खाजवलं. "दुसऱ्या दिवशी तुजं तात्या आलं. म्हनलं, बसवू न्हको, आन् दादाला सांगू न्हको."

मी पुडी उघडून बघितली. चांगली होती, जवळजवळ नवी. मी ती गुंडाळून परत त्याच्या खोक्यात टाकली.

आज सकाळी गाडीवर बसले तेव्हा आण्णांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "किकचं सामान आलं का गं?" तात्या खाली वाकून टायर बघायला लागले.

"न्हाई," मी म्हटलं. "सिद्धू म्हनला, आता मिळायचंच न्हाई."

"ऱ्हाऊ दे," आण्णा म्हणाले. "आमी हाय की."

आणि दोघांनी जोर लावला.