पाच कोटी वर्षांची पाकोळी

"सर, हा तुमच्या दाताचा जुळा भाऊ हाय," धुरपताबाई म्हणाली आणि चिमट्याच्या टोकावरचा कण तिने सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर अलगद ठेवला.

पुंडलिकराव कापगते यांनी डोळा लावला. दात मोहरीच्या दाण्याहून लहान होता. माथ्यावर एक धारदार कड दोनदा खाली उतरून दोनदा वर चढलेली. ही कड त्यांना स्वतःच्या सहीइतकी ओळखीची होती.

"कुठं सापडला?"

"चाळणीत. काठाखाली जाळी दुमडली हाय ना, तिथं. डोमानं काल आंबागडच्या मेलेल्या चमगिदडा उकळून याच्यातच गाळल्या. मी चाळणी तीन पाण्यानं धुतली, तरी हा बसूनच होता."

"तीन पाण्यानं?"

"तीन. आन् त्या साली बी हेच चाळणी होती, सर."

तिने आवाज चढवला नाही की उतरवला नाही. सुपातल्या तांदळातला खडा दाखवून बाजूला ठेवावा, तसे तिने ते वाक्य ठेवले आणि ती पुढचा कण पाहू लागली.

१९८३ चा मार्च होता. पुंडलिकराव भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे अधिव्याख्याते होते आणि अधिव्याख्याते म्हणूनच निवृत्त होणार, याविषयी कोणाला शंका नव्हती. त्यांच्या नावावर एकच गोष्ट होती, आणि ती मोहरीएवढी होती.

वटवाघळांच्या वंशावळीला एक लाजिरवाणे भगदाड आहे. त्यांचे जुन्यात जुने सांगाडे दगडात सापडतात, तेव्हा ती आधीच उडत असतात. उडायला शिकत असलेला, अर्ध्या पंखांचा पूर्वज कोणी पाहिलेला नाही. त्यांची हाडे कागदासारखी. मातीत टिकले तर दात टिकतात. म्हणून माती धुवायची, वाळवायची आणि उरलेला चुरा कणाकणाने निवडायचा. हे काम बुद्धीचे नसून मानेचे आहे, असे पुंडलिकराव म्हणत, आणि त्यांची मान ते सिद्ध करी.

माती पश्चिमेकडच्या एका कोळसाखाणीतली, पाच कोटी वर्षांपूर्वीची. खाणीत नोकरीला असलेला मेहुणा ती पोत्यांत भरून धाडी. मालगाडीने पोती वरठीला उतरत, तिथून बैलगाडीने वैनगंगेवर, कारध्याच्या काठाला. वाळलेली माती आधी रॉकेलमध्ये भिजवली की मग पाण्यात विरघळते. रॉकेल घरच्या रेशनकार्डाचे असे. सूक्ष्मदर्शकाशी धुरपताबाई. प्रयोगशाळेत पाणी भरायला ठेवलेल्या या बाईला त्यांनी एकदा मधल्या सुटीत तांदूळ निवडताना पाहिले होते, आणि विद्यापीठाने पदव्या देऊन त्यांच्याकडे पाठवलेल्या कोणाहीपेक्षा तिची नजर स्वच्छ आहे हे त्यांना त्या दहा मिनिटांत कळले होते. अकरा पोत्यांतून माशांचे काटे निघाले, सुसरींचे दात निघाले, उंदरासारख्या दोन प्राण्यांच्या दाढा निघाल्या. आणि १९७७ साली एक पाकोळीचा दात, म्हणजे किडे खाणाऱ्या छोट्या वटवाघळाचा.

"हा बाकीच्याइतका काळा नाई," असे तेव्हाही धुरपताबाई म्हणाली होती. मातीत युगे काढलेला दात काळा पडतो; पुंडलिकरावांनी ते वहीत 'अल्प डागाळलेला' असे उतरवून घेतले. एकाच वस्तूची ही दोन वर्णने. दुसरे छापण्यालायक असते.

शोधनिबंध १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला, कापगते आणि कटरे यांच्या नावाने. डॉ. कटरे नागपूरचे विभागप्रमुख; सूक्ष्मदर्शक त्यांनी उसना दिला होता. आजच्या पाकोळ्यांशी तुलना व्हावी म्हणून पुंडलिकरावांनी आंबागडच्या किल्ल्यातली मेलेली वाघळे आणून, उकळून, गाळून, त्यांच्या दाढा तो दात सापडण्याच्या आधीच मांडून ठेवल्या होत्या. साम्य थक्क करणारे निघाले. निबंधाचा निष्कर्षच तो होता: पाच कोटी वर्षांत पाकोळी बदललेली नाही. तिच्यासारखे स्थिर, आपल्या मतांवर ठाम राहिलेले जनावर नाही. देशातल्या विद्वानांना हे फार आवडले. गेल्या महिन्यात मात्र एका परदेशी अभ्यासकाने दोन ओळींच्या पत्रात विचारले होते, की हे साम्य जरा जास्तच नाही का? त्याला उत्तर द्यायचे म्हणून डोमा शिपायाला पुन्हा आंबागडला धाडले होते.

पुंडलिकरावांनी कपाट उघडले. कापसात ठेवलेला मूळ दात काढला.

"डोमा, स्पिरिटचा दिवा लाव."

"काय करता, सर?" धुरपताबाईने मान वर केली.

"जुन्या हाडातलं मांस-सरस सारं दगड होऊन जाते. त्याले सुई लावली तर वास येत नाई. ताज्याले येते."

"आन् दात जळाला तर?"

"मुळाशी लावतो. थोडासाच."

त्यांनी तापलेली सुई आधी सुसरीच्या दाताला लावली. काही झाले नाही. मग ती पुन्हा तापवून, श्वास धरून, देशातल्या सर्वांत जुन्या वटवाघळाला लावली. धूर दिसलाही नाही. फक्त वास आला.

डोमा म्हणाला, "कोनाचे तरी केस जळल्यावानी."

"हो," पुंडलिकराव म्हणाले. "माझेच समज."

घरी पत्नी मंदाबाईंनी सगळे ऐकून घेतले. मग फुंकणी खाली ठेवून म्हणाल्या, "त्या दातापायी सात वर्सं मी चुलीवर रांधलं. घरचं घासलेट तुमच्या चिखलात गेलं. आन् आता म्हणता दात खोटा?"

"दात खराच हाय. त्याचं वय खोटं हाय."

"मंग कोनाले सांगू नका. वय तर बाया बी सांगत नाईत."

ते हसले. पण त्या हसल्या नाहीत. फुंकणी पुन्हा उचलत त्यांनीच विचारले, "सांगाच लागते काय?"

"सांगाच लागते."

त्यांनी नियतकालिकाला पत्र लिहिले. चूक माझी आहे. दात त्या मातीतला नाही. निबंध मागे घेण्यात यावा. उत्तर अडीच महिन्यांनी आले: दोन्ही लेखकांच्या सह्यांशिवाय विचार करता येणार नाही. चूक छापायला कोणाची हरकत नव्हती. दुरुस्तीला मात्र कोरम लागत होता.

डॉ. कटऱ्यांनी नागपुरात चहा मागवला. पत्र वाचले, घडी घातली आणि पेपरवेटखाली नाही, पेपरवेटच्या बाजूला ठेवले.

"कापगते, तुम्ही माणूस लाखाचे आहात. पण हे कोणी सांगितलं तुम्हाला? पाणी भरणाऱ्या बाईनं?"

"दात तिनंच शोधला होता, सर. तेव्हा आपण तिचं ऐकलं."

"तेव्हाची गोष्ट वेगळी. आता तो दात पाठ्यपुस्तकात आहे."

"पुस्तक तुम्हीच लिहिलंय, सर. पुढच्या आवृत्तीत..."

"पुढच्या आवृत्तीत काय लिहू? भंडाऱ्यात चाळणी नीट धुतली नाही?" कटरे कडवटपणाशिवाय, जवळजवळ प्रेमाने बोलत होते. "विज्ञानातल्या चुका काळ दुरुस्त करतो. तुम्हाला एवढी घाई काहून होऊन राहिली?"

"काळालाही सही लागते, सर."

कटऱ्यांनी बशीतला चहा संपवला. प्रपाठकाच्या जागेची मुलाखत दिवाळीनंतर आहे, असे त्यांनी जाता जाता सांगितले. पुंडलिकराव मुलाखतीला गेले नाहीत. ज्यांनी सही दिली नव्हती, त्यांच्यासमोर बसून आपल्या संशोधनाविषयी काय सांगावे, हे त्यांना सुचले नाही.

त्यानंतर दरवर्षी पदवीच्या शेवटच्या वर्गाला ते चाळणीची गोष्ट सांगत. काठाची दुमड, तीन पाणी, सुई, वास, सगळे. आणि शेवटी फळा पुसत म्हणत, "परीक्षेत मात्र पुस्तकातलं लिहा. मले तुमचं नुकसान नाई करायचं." मुले हसत आणि वह्या मिटत. आज्ञाधारकपणात पुंडलिकरावांच्या विद्यार्थ्यांनी कधी कसूर केली नाही.

१९८६ च्या एप्रिलमध्ये नागपूरच्या मूल्यमापन केंद्रात ते बाकावर उत्तरपत्रिका तपासत होते. सहावा प्रश्न, टीप लिहा, पाच गुण: देशातील सर्वांत जुने वटवाघूळ. शेजारी छापील आदर्श उत्तर. पंधरा-वीस पत्रिकांत तेच उत्तर, तेच शब्द, एकाच ठिकाणी तीच शुद्धलेखनाची चूकही. मग एक पत्रिका आली. अक्षर गिचमिड, नंबर झाकलेला. त्यात लिहिले होते: 'हा दात जुना नाही. तो आंबागडच्या पाकोळीचा आहे व चाळणीत अडकून राहिला होता. गरम सुई लावल्यावर त्याला केस जळल्याचा वास आला. म्हणून सर्वांत जुने वटवाघूळ आपल्याला अजून माहीत नाही.'

पुंडलिकरावांनी ते दोनदा वाचले. शेवटचे वाक्य त्यांनी वर्गात कधी सांगितले नव्हते. ते त्या मुलाचे किंवा मुलीचे स्वतःचे होते. त्यांनी पाच गुण दिले.

दुपारी नियामकाने, म्हणजे तपासलेल्या पत्रिका पुन्हा पाहणाऱ्याने, हाक मारली. तरुण माणूस, कटऱ्यांच्या हाताखाली पीएच.डी. झालेला, वागायला सज्जन.

"सर, या सहाव्याला पाच कसे? आदर्श उत्तरात हे नाही."

"नाही."

"आदर्श उत्तरात 'कापगते आणि कटरे, १९७९' आहे. म्हणजे तुम्हीच ना?"

"मीच."

"मग यानं तुमच्याच विरुद्ध लिहिलंय."

"म्हणून तर पाच."

नियामकाने त्यांच्याकडे पाहिले. त्याला कळले होते, हे पुंडलिकरावांना दिसले. आणि त्याला बदली, बढती, घरचे दोघे-तिघे आठवले, हेही दिसले. "मला अधिकार नाही, सर," तो हळू आवाजात म्हणाला. हिरव्या शाईने पाचावर रेघ मारली, शून्य काढले, सही केली आणि पत्रिका परत सरकवली. "परीक्षकाची बी लागते."

पुंडलिकरावांनी शून्याखाली सही केली नाही. समासात, जिथे परीक्षकाने शेरा लिहायचा असतो, तिथे त्यांनी लाल शाईने, सावकाश, लिहिले: 'विद्यार्थ्याचे उत्तर बरोबर आहे. पुस्तक चूक आहे. चूक माझी.' खाली पूर्ण नाव, पदवी, तारीख.

उत्तरपत्रिका सहा महिने जपून ठेवतात आणि मग नियमाप्रमाणे रद्दीत काढतात. नियामकाने ते वाचले आणि गठ्ठ्याची दोरी बांधली.

पुंडलिकराव बाकावर परतले. मान दुखत होती. पुढच्या पत्रिकेत पाकोळी पाच कोटी वर्षांची होती, सुवाच्य अक्षरात, शब्द न शब्द. त्यांनी पाच गुण दिले आणि पान उलटले.