माळावरचा कडू

मी सीताफळ बोलतोय. नेकनूरच्या वरच्या अंगाला, खडकाळ माळावर उभा आहे. मला कुणी लावलं नाही की पाणी घातलं नाही. तरी सलग दोन वर्षं पाऊस रुसला, तेव्हा त्या माळावर हिरवा मी एकटाच होतो. माझं पान कडू जहर आहे. अळीनं चावा घेतला की तिथंच आडवी. आणि हे जहर मी स्वतः, माझ्या अंगात बनवतो.

शेरडं राखणारी भिवराबाई मला रोज शिव्या घालायची. "मेल्या, माझी शेरडं उपाशी अन् तू कावून एवढा हिरवा?" बोरी-बाभळी ओरबाडून झाल्या, पण शेरडं मला हुंगून पुढं जायची. मला वाईट वाटायचं. पण पान गोड केलं असतं तर माझी काटकीही उरली नसती.

त्यातल्या दुसऱ्या वर्षी गावच्या बायकांनी सोसायटी काढली. सीताफळाचा गर काढून बीडच्या बासुंदीवाल्यांना द्यायचा. भिवराबाई आणि तिचा नवरा आश्रुबा यांनी ठरवलं, गर खपला तर यंदा ऊसतोडीला जायचं नाही, म्हणजे लेकीची शाळा सुटणार नाही. नाही खपला तर दसऱ्यानंतर मुकादमाच्या ट्रॅक्टरात बसायचं.

आश्रुबा घाईचा माणूस. बिया वेचत कोण बसणार, म्हणून त्यानं बियांसकट सगळं मिक्सरमधून फिरवलं. सोसायटीच्या छबुबाईंनी बोट चाटलं आणि थुंकल्या. सगळा गर उकिरड्यावर गेला. आश्रुबा कुऱ्हाड घेऊनच माझ्याकडं आला. "लई माजलास बे. सरपण तरी व्हशील."

भिवराबाईनं त्याचा हात धरला. "त्याच्यावर कावून चिडता? उवा मारायला आमी ह्याच बिया कुटतो की. गर त्यानं दिला, बी न्हाई दिली. तुमी त्याचं लेकरू चावलं, मग त्यो चावणारच."

अगदी बरोबर बोलली! गर मी गोड करतो तो पाखरांनी, माणसांनी बी दूर न्यावी म्हणून. फोडावी म्हणून नव्हे.

मग तिनं माझी अन् डोंगरातल्या माझ्या भाऊबंदांची, खवल्यांचे डोळे उघडलेली फळं तोडली, अढीत पिकवली, चाळणीवर हातानं चोळून बी अख्खी बाजूला काढली. छबुबाईंनी बोट चाटलं आणि पुन्हा चाटलं. मुकादमाचा ट्रॅक्टर गावातून गेला तेव्हा ही दोघं माझी उरलेली फळं उतरवत होती.

पुढच्या मृगात भिवराबाईनं त्याच बिया माळभर टोकल्या. आश्रुबा कुंपणाला काट्या घेऊन आला.

"न्या माघारी," ती म्हणाली. "ह्याचं कुंपण ह्याच्या पानात हाय."

आता माझी लेकरं गुडघ्याएवढी झालीत. शेरडं त्यांना हुंगतात आणि पुढं जातात. तुम्ही कधी माळावर आलात तर माझं फळ खुशाल खा. बी तेवढी लांब थुंका.