चावडीवरचा जावई

जावई हा दहावा ग्रह असतो म्हणतात. माझा ग्रह माझ्याच बंदरात, माझ्याच वॉकीटॉकीवर फिरतो. मी कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर आणि तो मासळीच्या शीतगृहात मेकॅनिक. लेकीने त्याला पसंत केलं तेव्हा मी एवढंच विचारलं होतं, "अगं, पण हा गप्प कधी बसतो?" त्या मंगळवारी तो गप्प बसला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

आधी आमची यंत्रणा समजून घ्या, नाहीतर मी कशाने घाबरले आणि कशाने सावरले ते कळायचं नाही. पूर्वी प्रत्येक खात्याचा वेगळा चॅनेल असायचा. क्रेनवाल्यांचा दिवसभर खच्चून भरलेला आणि शीतगृहाचा ओस. नव्या डिजिटल कारभारात पाच चॅनेल सगळ्यांच्या सामाईक मालकीचे. वॉकीटॉकीचं बटण दाबलं की तो सेट आधी मुकाट्याने मुख्य यंत्राकडे जागा मागतो. यंत्र मोकळा चॅनेल शोधतं, त्या ग्रुपमधले सगळे सेट तिकडे वळवतं आणि कानात 'टिंग' वाजतं. मग बोलायचं. पाचही भरलेले असले तर 'बुप बुप' वाजतं आणि तुम्ही रांगेत. बँकेत काउंटर पाच आणि रांग एकच, तसं.

हे मागणं-देणं चालावं म्हणून आणखी एक चॅनेल राखून ठेवलाय. त्यावर माणसांनी बोलायचं नाही, तिथे फक्त सेट आणि यंत्र आपसांत कुजबुजतात. सेट चालू केला, ग्रुप बदलला, एका अँटेनाच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत गेला, की तो स्वतःहून तशी वर्दी देतो. माणूस तोंड उघडो वा न उघडो.

ग्रुप बदलायला सेटच्या डोक्यावर एक नॉब आहे. शीतगृहाचा ग्रुप वेगळा, क्रेनचा वेगळा, आणि शेवटचा एक जादाचा म्हणून रिकामा ठेवलेला. आमच्या लोकांनी त्याची चावडी केली. चहाच्या सुट्टीत सगळे नॉब तिकडे वळतात आणि साहेबांच्या नकला सुरू होतात. माझीही नक्कल होते आणि ती आमचे जावईबापू करतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. चुगली मी कधी केली नाही, कारण नक्कल जमते मेल्याला.

त्या दिवशी चहा आटोपला आणि थोड्याच वेळात शीतगृहाच्या पुढच्या बोळात, गारवा करणाऱ्या अमोनिया वायूचा पाइप फुटला. भोंगा वाजला, माणसं नाकाला रुमाल लावून बाहेर पळाली. फाटकावर मुकादमाने डोकी मोजली आणि मला कळवलं, "सगळे आले मॅडम, एक मेकॅनिक सोडून. तो तीन नंबरच्या खोलीत पंखा दुरुस्त करत होता."

तीन नंबरची खोली म्हणजे थंडीची तिजोरी. भिंती जाडजूड, पंख्यांची घरघर, त्यात भोंगा ऐकू येत नाही. मोबाइलला तिथे रेंज नाही. बाहेरच्या जगाशी संबंध काय तो कानात खोचलेल्या वायरीचा. तिथून बाहेर पडायला दारं दोन. पुढचं उघडतं ते नेमकं त्याच गॅसच्या बोळात, आणि मागचं धक्क्यावर. सगळे रोज पुढच्यानेच येतात-जातात. त्याने हातातलं काम संपवून ते दार उघडलं असतं तर पहिल्याच श्वासात संपला असता. तोंडाला मास्क लावून आत जाणारे बंबवाले अजून वाटेतच होते.

शीतगृहाच्या ग्रुपवर मी त्याला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही. ज्या माणसाला मी रोज "पुरे आता, चॅनेल सोडा" म्हणून दटावते, तो एक अक्षर बोलेना. लेकीला काय सांगू, हे एवढं एकच डोक्यात घुमायला लागलं.

मग स्क्रीनवर त्याच्या सेटचा नंबर शोधला. सेट चालू होता. वर्दी शीतगृहाच्या आतल्या अँटेनाकडे होती. आणि ग्रुप होता चावडी. गाढवाने चहानंतर नॉब परत फिरवलाच नव्हता! बाकी सगळे आपापल्या ग्रुपवर गेले आणि हा एकटा रिकाम्या चावडीवर बसून राहिला. मी एवढा वेळ नको त्या दारावर धडका मारत होते. सेट चालू आहे म्हणजे माणूस ठीक आहे असं नव्हे, पण माझ्या जिवात जीव आला.

चावडी निवडली, बटण दाबलं. 'बुप बुप'. बंदरातला जो तो बोलत होता, पाचही चॅनेल तुडुंब. आणीबाणीचं लाल बटण दाबून मी घुसू शकले असते, पण मग कुणाचं तरी बोलणं तुटलं असतं, आणि पाइपचा व्हॉल्व्ह बंद करणारे त्या गर्दीतच एकमेकांशी बोलत होते. मी बोलायचं बटण तसंच धरून ठेवलं.

मागे उभे असलेले साहेब ओरडले, "अहो, सोडा आणि पुन्हा दाबा! लागत नाही तर पुन्हा दाबा!" साहेब जुन्या सेटवर वाढलेले. आमच्याकडे निम्म्या लोकांना अजून तीच खोड आहे. सोडलं की रांगेतला नंबर जातो आणि पुन्हा शेपटाला उभं राहावं लागतं.

"साहेब, हात लावाल तर याद राखा," मी म्हणाले. नोकरीत पहिल्यांदा.

टिंग.

"मेकॅनिक, कंट्रोल बोलतेय. ऐकू येतंय का?"

कानात तो हसला. "वा रे पठ्ठ्या! जमलं की तुला! पण सासूबाई जरा नाकातून बोलतात, ते राहिलं."

मी कपाळावर हात मारला. चावडीवर माझा आवाज आला म्हणजे कुणीतरी नक्कलच करतंय, अशी त्याची पक्की खात्री. सेट कमरेला, हात पंख्यात, त्याच्या स्क्रीनवर नाव कुणाचं ते बघतोय कोण!

"रविवारी माझी काचेची बरणी फोडून तुकडे कुंडीत पुरलेस ना?" मी म्हणाले. "तीच सासू बोलतेय. बोळात गॅसचा पाइप फुटलाय. पुढच्या दाराला हात लावू नकोस. मागच्या दाराने धक्क्यावर जा. आत्ता. हत्यारं तिथेच टाक."

मग बारीक आवाजात, "आई?" आणि लगेच, "मागचं दार. निघालो."

पुन्हा विचारायचं म्हणजे रांगेत उभं राहायचं, आणि पळणाऱ्या माणसाला बोलायला लावायचं नव्हतं. मी स्क्रीनवर डोळे लावून बसले. आतली अँटेना. आतली अँटेना. मागचं दार वर्षभरात कुणी उघडलं नव्हतं, ते बर्फाने धरलं असेल तर? मी देवाचं नाव घेतलं, दाराच्या बिजागऱ्यांचंही घेतलं.

आणि ती ओळ बदलली. धक्क्याची अँटेना.

त्याने तोंड उघडलं नव्हतं, त्याच्या सेटने वर्दी दिली होती. मी खुर्चीत मागे टेकले आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

व्हॉल्व्ह बंद झाला, बंबवाले पोचले, कुणाला काही झालं नाही. तासाभराने स्वारी जिना चढून वर आली. दार बर्फाने धरलंच होतं, खांद्याने तोडावं लागलं, म्हणाला. डोळे लाल, खांदा सुजलेला, चेहरा पडलेला. मी आधी त्याला पोटाशी धरलं आणि मग असं झापलं की जिन्यातल्या शिपायालाही ऐकू गेलं. तो एकदाही मधे बोलला नाही.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. माझी लेक. कुणीतरी तिला गळतीचं सांगितलं होतं.

"छे गं," तो म्हणाला, "मी आत नव्हतोच. आईंकडे वर आलो होतो." आणि घाबरून माझ्याकडे बघितलं. फोन स्पीकरवर होता.

लेकीशी मी आजवर खोटं बोलले नव्हते. तिच्या आवाजातली थरथर ऐकली आणि म्हणाले, "हो बाई, मघापासून इथेच बसलाय. डोकं खाल्लंय माझं बोलून बोलून."