खड्ड्यातलं विरजण

“तो खड्डा धुऊ नकोस,” वाईओला म्हणाली, तोवर तिच्या सुनेने, लुपेने, ब्लीचच्या पाण्याची दुसरी बादलीही आत ओतली होती.

“आई, उंदरांच्या लेंड्या होत्या त्यात. बाळ आता वरचं खायला लागेल.”

वादळाने झाडांवर एकही नीरफणस ठेवला नव्हता. पडलेले सडायच्या आत सोलून, केळीच्या पानांत गुंडाळून या खड्ड्यात पुरायचे. ते आंबले की नवा बहर येईपर्यंत घराचं पोट त्यावरच. लुपेने हातमोजे घालून खड्डा भरला, वर दगड रचले.

थोड्याच दिवसांत दगडांखालून घाण येऊ लागली. पानं उचलली, तर वरचा थर काळा, बुळबुळीत.

“डुकरांची चैन झाली,” वाईओला म्हणाली आणि टोपली पुढे केली.

खालचे फणस अजून पांढरे होते. लुपे काठावर बसून राहिली. आपिया शहरातल्या कॉलेजात ती हे शिकली होती: जे जंतू आधी पोचतात ते जागा धरतात, आपल्या सोयीची करून घेतात, मागून येणाऱ्यांना मग थारा नाही. तिने तर ब्लीचने जुन्या बिऱ्हाडाला हाकलून दार उघडंच टाकलं होतं.

बाळाला कमरेवर घेऊन ती किनाऱ्यावर एकट्या राहणाऱ्या फुआतिनोकाकूंकडे गेली.

“कॉलेजात नुसतं धुणंच शिकवतात वाटतं?” सगळं ऐकून काकूंनी विचारलं.

“तुमचाही खड्डा देऊ का धुऊन?”

म्हातारी खो खो हसली. स्वतःच्या खड्ड्यातला आंबूस गोळा पानात बांधत म्हणाली, “आधी हे तळाला घाल. मग तुझे फणस.”

घरी येऊन लुपेने तो रिकाम्या केलेल्या खड्ड्याच्या तळाला उघड्या हातांनी पसरला.

पुढे मोठ्या भरतीचं पाणी किनाऱ्यावरच्या घरांत शिरलं, फोन बंद पडले. रस्ता मोकळा झाला त्या सकाळी लुपेने दगड बाजूला केले. आंबट वास नाकात झणझणला. वाईओलाने बोट बुडवून चाटलं आणि गोळा बांधायला एक केळीचं पान आणून दिलं.

बस थांबली तेव्हा लुपे धापा टाकत होती. खिडकीतून ड्रायव्हरच्या हातात पुडी देत ती म्हणाली,

“किनाऱ्याकडे चाललात ना? फुआतिनोकाकूंचा खड्डा बुडाला असेल, हे द्या. म्हणावं, तुमचंच आहे. आणि बुडाला नसला, तरी जरा आत डोकावा हो. त्या बऱ्या आहेत ना, एवढं बघा.”