पाहणीची चौकट

वीज कंपनीनं जुने मीटर बदलायचं ठरवलं आणि त्या कामाची आकृती संगणकात काढून घेतली. एका चौकटीतून बाण निघायचा, दुसरीत शिरायचा, आणि शेवटच्या चौकटीत पोचला की त्या घराची वीज दिवसभरासाठी आपोआप बंद. तिच्या आधी पाहणीची चौकट. घरात कुणी यंत्रावर जगणारा रुग्ण नाही ना, हे जाऊन बघायचं आणि मोबाईलवर बटण दाबायचं. तोवर बाण थांबून राही.

पाहणी मामांकडे होती. ते अख्ख्या कचेरीचे मामा. आकृती काढणाऱ्या भाच्याचे तेवढे सख्खे. पाच-पाच जिने चढून मामा घरोघर जात, रुग्णाच्या उशापर्यंत पोचत, पण मोबाईलला हात लावायचा म्हटलं की त्यांना घाम फुटे. संध्याकाळी येऊन भाच्यापुढे यादी टाकायचे. "सगळं बघितलंय. दाब बाबा काय ते."

"मामांपायी अठ्ठ्याहत्तर घरं अडकलीत," साहेब भाच्याला म्हणाले. "सोमवारपासून त्यांना गोदामात बसवतो. तिथं बटणं नाहीत, उंदीर आहेत."

आयुष्यभर फिरलेला माणूस गोदामात महिनाभरात झिजून जाईल, हे भाच्याला ठाऊक होतं. त्यानं चौकटीवर माउसची उजवी कळ दाबली. प्रकारांची यादी उघडली. प्रत्येकापुढे इवलंसं चित्र : माणसाचं डोकं, दातेरी चाक, पाकीट, हात. पाहणीला डोकं लावलेलं होतं. हाताच्या चित्रापुढे लिहिलं होतं, 'हे काम माणूस प्रत्यक्ष करतो, बटण लागत नाही.' मामांना डोळ्यांसमोर ठेवूनच कुणीतरी हे लिहिलं असावं असं त्याला वाटलं. त्यानं हात निवडला.

अशा कामाची संगणक वाट बघत नाही, ते झालंच असं धरून पुढे जातो, हेही तिथंच दिलं होतं. पण दुसऱ्या परिच्छेदात. दुसरा परिच्छेद कोण वाचतं?

मिनिटभरात अठ्ठ्याहत्तर बाण सुटले. साहेब खोलीतून बाहेर येऊन टाळ्या वाजवू लागले, तोच भाच्याचा फोन वाजला.

"अरे, इथली वीज गेली," घरच्या बाईंनी लावून दिलेल्या फोनवर मामा म्हणाले. "मास्तरीणबाईंचं घर. यजमान श्वासाच्या यंत्रावर आहेत."

"मामा, तुमची पाहणी झाली असं दिसतंय."

"मी चपला काढतोय अजून!"

"यंत्राला बॅटरी असेल ना?"

"बाई म्हणतात, जुनी आहे. आठ-दहा मिनिटं टिकते. तू चालू कर बघू पटकन."

बंद करायला बाण होता. चालू करायला अर्ज होता, आणि अर्ज यादीच्या क्रमानं पुढे सरकत होते. मास्तरीणबाईंचं घर एकसष्टावं. वीज परत यायला पंचवीस मिनिटं लागली. तोवर त्या घरात तिची फारशी गरज उरली नव्हती.

चौकशी तिसऱ्या दिवशी झाली. संगणकाच्या नोंदीत 'पाहणी पूर्ण' आणि पुढे मामांचं नाव.

"बटण तुम्हीच दाबलंत?" साहेबांनी विचारलं.

मामांनी भाच्याकडे पाहिलं. पोरानं आपल्यासाठी नेहमीसारखंच दाबलं असणार, एवढंच त्यांना कळत होतं.

"मीच," ते म्हणाले. "चुकून दाबलं गेलं."

मामांना मोबाईल उघडता येत नाही हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनी घाईघाईनं लिहून घेतलं. भाचा टेबलाच्या कडेकडे बघत बसला.

मामांना घरी पाठवलं. जिन्यात भाच्यानं त्यांना गाठलं. "मामा, मी बटण दाबलंच नव्हतं. मी फक्त..."

"असू दे रे. तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं मी?" मामा उतरायला लागले. "मास्तरीणबाईंकडे जाऊन येतो."

"त्या दारात उभं करणार नाहीत तुम्हाला."

"नाहीत करणार," मामा म्हणाले, आणि गेले.