आतले पट्टे

“पोर आत बांधलेलं असताना धडक झाली की ती सीट परत वापरायची नाही, ताई. वरून कितीही ठणठणीत दिसू दे.”

माझी धाकटी बहीण फोनवर हे सांगत होती तेव्हा मी एका हाताने लेकीचं नाक पुसत होते आणि एक डोळा गॅसवरच्या दुधावर ठेवून होते. त्या दिवशी वर्गात गाडीतल्या लहान मुलांच्या सीटचा धडा झाला होता, आणि नवीन काही शिकली की ती पहिला फोन मला करते. “हो गं, बघते,” म्हणाले. माझ्या ‘बघते’चा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

खरं तर मी काळजीत कुठे कमी पडणारी बाई नाही. रात्री गॅसचं बटण तीनदा तपासते. लेक, म्हणजे आमची गुंडी, गाढ झोपली की नाकाखाली बोट धरून श्वास बघते. तरी ही एक गोष्ट मी कानाआड केली, कारण ती धाकटीने सांगितली होती. आमच्याकडे शिकलेली मी. माझ्या दोन पदव्या माहेरच्या भिंतीवर चौकटीत आहेत. धाकटीने दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं आणि ठोकलेल्या गाड्या दुरुस्त करण्याचा, त्यांच्या नुकसानीचा अंदाज काढण्याचा कोर्स धरला. “मोठी पुस्तकं वाचणार, धाकटी पत्रे ठोकणार,” असं आत्या म्हणाली तेव्हा सगळे हसले. मीही हसले होते.

त्यानंतर तीन महिन्यांनी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये वळताना मी गाडी सिमेंटच्या खांबावर घातली. फार जोरात नाही. डावीकडून बंपर आत गेला, दिव्याची काच तडकली. गुंडी मागे तिच्या सीटमध्ये बांधलेली होती. रडलीसुद्धा नाही. “धप्प,” म्हणाली आणि परत बिस्किटाला लागली.

घरी मी सांगितलं की गुंडी सासूबाईंच्या बहिणीकडे होती, गाडीत मी एकटीच होते. पोर मागे होती म्हटलं असतं, तर मी गाडी चालवावी की नाही यावर घरात बैठक बसली असती. आणि एकदा एकटी होते म्हटल्यावर सीट कशासाठी बदलायची? गुंडी रोज त्याच सीटवर बसत राहिली. मी रोज आरशातून तिच्याकडे बघत राहिले आणि बघणं म्हणजेच सांभाळणं असं स्वतःला पटवत राहिले.

अशात धाकटीची शेवटची परीक्षा आली. तिची रीत अशी, की विद्यार्थ्याने खरीखुरी ठोकलेली गाडी आणायची आणि गाडीच्या मालकाने समोर बसून प्रश्नांची उत्तरं द्यायची. विद्यार्थी नुकसानीचं एस्टिमेट लिहिणार, बाहेरून आलेला विमा कंपनीचा सर्वेअर स्वतःचं वेगळं लिहिणार, मग दोन्ही कागद शेजारी ठेवून जुळवणार. न जुळणारी ओळ पटवून देता आली नाही, तर सहा महिने परत. एका मोठ्या गॅरेजने धाकटीला जागा देऊ केली होती, पण ती फक्त याच वेळी पास झाली तर.

“तुझी गाडी दे,” ती म्हणाली. “ओळखीचं गिऱ्हाईक बरं.”

“गिऱ्हाईक ना? मग मॅडम म्हणायचं.”

“बरं, मॅडम. वेळेवर या.”

कार्यशाळेत शिरताच लोखंड आणि ताज्या रंगाचा वास आला. मला बाकावर बसवून हातात फॉर्म दिला गेला. चौथा प्रश्न होता, धडकेच्या वेळी गाडीत कोण कोण होतं? मी लिहिलं, फक्त चालक. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

सर्वेअर उतारवयाचे, कानावर पेन्सिल खोचलेले. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, गुडघ्यावर कागद ठेवून पाच ओळी खरडल्या आणि चहाचा कप उचलला. धाकटी मात्र गाडीला हातही न लावता लांब उभी राहिली, मग वाकली, मग आणखी वाकली.

“काय शोधतेस? पैसा पडला का?” सर्वेअरनी विचारलं.

“वरच्या ट्यूबलाइट बघतेय, सर. बॉनेटच्या पत्र्यात त्यांच्या प्रतिबिंबाची रेघ सरळ दिसायला हवी. इथे मोडतेय.”

मग तिने बंपर उतरवला. त्याच्यामागची लोखंडी पट्टी डावीकडे आत वळली होती आणि ती धरून ठेवणारा लोखंडी आधार चेपला होता. बाहेरून यातलं काहीच दिसत नव्हतं. सर्वेअर कप ठेवून उठले, बघितलं, “हं,” म्हणाले.

माझ्या शेजारी पुढच्या नंबरची एक बाई बसली होती, रस्त्यावरून थेट अंदाज काढून घ्यायला आलेली, मांडीवर मुलगा. “किती वेळ लावतात,” ती मला म्हणाली. “ठोकली ते दिसतंय ना. त्यात एवढं काय वाचायचं?”

मी मान डोलावली. धाकटी आता मागच्या सीटवर चढून बेल्ट पूर्ण बाहेर ओढत होती आणि चिमटीत धरून इंच इंच पुढे सरकत होती. मग तिने गुंडीची सीट सोडवली, बाहेर आणली आणि दिव्याखाली टेबलावर ठेवली. बराच वेळ ती तिथेच वाकून उभी होती.

“मॅडम,” ती म्हणाली. अजूनही मॅडमच. “फॉर्मवर लिहिलंय, फक्त चालक.”

“हो.”

“मागे कोणी नव्हतं?”

“मालकाने लिहून दिलंय ना,” सर्वेअर म्हणाले. “त्यांचं म्हणणं खोडायचं तर पुरावा लागतो. उगाच खोडलंस तर मार्क जातील.”

“खोडत नाही, सर. दाखवते.” तिने सीट त्यांच्याकडे वळवली. “गाडीच्या बेल्टवर चकाकी आलीये, जिथून तो सीटमधून जातो तिथे. ती रिकाम्या सीटनेही येऊ शकते. पण हे आतले पट्टे बघा, मुलाच्या खांद्यावरून येतात ते. खाचेतून निघतात तिथे दोन्हीकडचे धागे फुललेत, प्लॅस्टिकची कडा पांढरी पडलीये. सीट रिकामी असेल तर हे पट्टे नुसते लोंबतात. आत कुणीतरी बांधलेलं असल्याशिवाय त्यांच्यावर ओढ येत नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत बहीण नव्हती, कामावरची बाई होती. “परत एकदा आठवून सांगा.”

मी नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं, तर त्या दोघांसमोर ती चुकीची ठरली असती. सहा महिने परत, आणि ती जागाही गेली. पण खरं सांगायचं तर मला हे सुचलं ते नंतर. तेव्हा मला फक्त ती पांढरी कडा दिसत होती, आणि तिच्यावर रोज टेकणारी मान.

“लेक होती,” मी म्हणाले. “बांधलेली होती.”

“आणि त्यानंतर?” सर्वेअरनी चष्मा काढला.

“रोज याच सीटवर.”

धाकटीने कागद ओढला आणि लिहिलं, मुलाची सीट बदलणे, मागचा बेल्ट बदलणे. ओळ शाळेच्या वहीतल्यासारखी सरळ होती.

सर्वेअरनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. त्यांच्या पाच ओळी, तिच्या अकरा. एकेका ओळीवर बोट ठेवून ते तिला विचारत गेले आणि ती सांगत गेली. शेवटी त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि स्वतःच्याच कागदावर सहा ओळी वाढवल्या, तिच्या कागदावरून बघून. माझ्या नजरेसमोर एक तीस वर्षं मुरलेला माणूस माझ्या धाकट्या बहिणीची कॉपी करत होता.

“पास,” ते म्हणाले. “आणि मॅडम, चौथा प्रश्न खोडा, खरं लिहा, सही करा.”

मागच्या अंगणात धाकटीने मोठ्या कात्रीने सीटचे पट्टे कापले, भंगारातून कुणी उचलून परत वापरू नये म्हणून. कापता कापता तिला बोलायला फुरसत मिळाली. “गॅसचं बटण तीनदा बघतेस, ताई. तीनदा.”

“बोल अजून.”

“घरी मी सांगू की तू?”

“मीच सांगते.”

सांगितलं. बैठक बसली, दोन तास चालली, आणि ती बसायलाच हवी होती. पण त्यातला निम्मा वेळ मीच बोलत होते, गुंडीच्या दप्तराचे बंद ताणून दाखवत, की खूण कुठे उमटते आणि आमच्या धाकटीने ती कशी हेरली. आत्याला तर मी स्वतःहून फोन केला. अर्धा तास तिला ठेवू दिला नाही.

एक गोष्ट मात्र राहून गेली. मी फॉर्म खोडत होते तेव्हा शेजारची ती बाई मुलाला कडेवर घेऊन उठली. तिचा फॉर्म कोराच होता. “आमचं तर नुसतं बंपरचं आहे, टेप लावून चालतंय,” एवढं म्हणून ती निघाली. धाकटी तेलकट हातांनी फाटकापर्यंत धावली, पण गाडी वळली होती. नाव नाही, नंबर नाही. निळी छोटी गाडी, पुढे उजवीकडे काळी टेप, मागे करड्या रंगाची सीट, मुलगा दोनेक वर्षांचा. ती का उठली हे माझ्याइतकं कुणाला कळणार? तुमच्या इमारतीखाली, पाळणाघराच्या दारात अशी गाडी दिसली तर तिला बोल लावू नका. फक्त जवळ जाऊन हळूच विचारा, गाडी ठोकली तेव्हा मागे कोण बसलं होतं.